एटल नावाचा शास्त्रज्ञ

गेल्या रविवारी सकाळी भाचीच्या मुलीचा, सईचा फोन आला... "आजी, माझा बायोलॉजीचा लॅब रिपोर्ट जरा बघतेस का? उद्या सबमिट करायचाय." मी पडले बायोलॉजीची रिटायर्ड मास्तरीण, त्यामुळे घरातले सगळे रिपोर्ट माझ्याच गळ्यात. पाठव म्हटलं.

विषय वाचला आणि हातातला चहा तसाच राहिला. सूत रंगवायच्या पाण्याचा कांद्याच्या मुळांवर होणारा परिणाम... अगं बाई, हा तर आमचा प्रयोग!

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी आणि पद्मा येलदी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला लॅब पार्टनर. मी अक्कलकोटकडची, घरात निम्मं कानडी... ती पूर्व भागातल्या विणकरांची, घरात तेलुगू. भांडण मात्र दोघींचं चोख मराठीत व्हायचं!

तिच्या घरी सूत रंगवायचे. दारातल्या गटारातून एक दिवस लाल पाणी, एक दिवस हिरवं. ते बाटलीत भरून ती कॉलेजात आणायची आणि आम्ही त्यावर कांदे ठेवायचो. साध्या पाण्यातल्या कांद्याला मस्त दाढी फुटायची... रंगाच्या पाण्यातला बिचारा तसाच बोडका.

आमच्या कुलकर्णी सरांचा जीव प्रयोगापेक्षा संदर्भांत जास्त. रिपोर्टातल्या एकेका वाक्यावर बोट ठेवून विचारायचे, "हे तुमचं की दुसऱ्याचं? दुसऱ्याचं असेल तर कुणाचं?" लेखकाचं नाव, वर्ष, शोधपत्रिका, पान... यातलं काही राहिलं की सही नाही. आणि सही नाही तर प्रॅक्टिकलला बसायचं नाही.

म्हणून पद्मा लायब्ररीत बसून जुन्या पत्रिकांतली नावं उतरवून काढायची. एका दुपारी धावतच आली... "अगं, आमच्यातला एक लई मोठा शास्त्रज्ञ हाय! एटल! बघ की, ज्याच्या त्याच्या पेपरात हा हायच!"

येलदी, एटल... मलाही वाटलं, असेल बाई तेलुगू आडनाव. मला काय कळतंय!

मग काय, उठता बसता एटल. त्या वेळी तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि तिला तर एम.एस्सी. करायचं होतं. एटलच्या जोरावर तिने वडिलांशी वाद घातला... आपल्यातला माणूस एवढा शिकला, मग मी का नको?

मला म्हणायची, "एकदा तरी माझं आडनाव असं छापून यावं गं..." हे बोलताना तिचा आवाज अगदी हळू व्हायचा. बाकी वेळी बाईसाहेबांचा आवाज मागाच्या खडखडाटावर मात करणारा!

रिपोर्ट तपासायला गेला. शेवटच्या संदर्भयादीत पद्माच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं... 'एटल. आद्याक्षरे मिळाली नाहीत.'

सरांनी चष्मा काढला आणि पोट धरून हसले. म्हणाले, "अहो, हे एट अल! लॅटिन आहे. म्हणजे आणि इतर मंडळी." सगळा वर्ग खो खो हसायला लागला. मला एकेकाला धरून बदडावंसं वाटलं.

पद्मा मात्र उभीच राहिली. डोळे भरलेले, पण विचारलंच तिने. "सर, मग ती इतर मंडळी कोण? त्यांनी पण काम केलं असंल की..."

सरांचं हसू थांबलं. म्हणाले, "बरोबर विचारलंस. मजकुरात सुटसुटीत वाटावं म्हणून एट अल. पण शेवटच्या यादीत सगळ्यांची नावं द्यायची... एकालाही गाळायचं नाही."

परीक्षेच्या आधीच पद्माचं लग्न ठरलं. भिवंडीला. कॉलेजात शेवटची आली ती एप्रन परत करायला... बराच वेळ उगाच मायक्रोस्कोपवरून हात फिरवत बसली. "सर आपलं काम छापणार म्हणत्यात. माझं नाव राहील का गं?"

राहील, म्हटलं.

कॉलेजच्या छोट्याशा विज्ञान पत्रिकेत ते छापून आलं. त्याआधी मी सरांना विचारलं होतं, आता तिचं आडनाव बदललं, मग कुठलं घालायचं? सर म्हणाले, "काम केलं तेव्हा जे होतं तेच."

एक प्रत मी तिच्या वडिलांकडे नेऊन दिली. "पाठवतो की," म्हणाले आणि चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवली. पाठवली का, कुणास ठाऊक. पुढे तेही सोलापूर सोडून गेले... पद्माची काही खबरच नाही.

तर सईचा रिपोर्ट. कॉलेजच्या जुन्या पत्रिका आता नेटवर चढवल्यात म्हणे, तिथूनच तिला आमचा लेख सापडलेला. मजकुरात 'कुलकर्णी एट अल'. ठीक. पण यादीतही नुसतंच 'कुलकर्णी एट अल'! त्या इतरांतली एक आपली आजी, हे तिला कुठून कळणार... माझं माहेरचं आडनाव बिराजदार, हे तिला माहीतच नाही.

फोन लावला आणि झापलं तिला. "यादीत सगळी नावं हवीत!" तर म्हणते, "अगं आजी, तीनच तर नावं... कोण बघतंय?"

"मी बघतेय!" केवढ्याने ओरडले मी.

संध्याकाळी सुधारलेल्या पानाचा फोटो आला. कुलकर्णी, बिराजदार, येलदी. शेवटचं नाव बोटांनी मोठं मोठं करून बघत राहिले. रडू आलं, खोटं कशाला सांगू...

पद्मा, कुठे असशील गं? ती प्रत मिळाली होती का तुला? नसेल मिळाली आणि हे वाचत असशील तर सांगते... एटल खरंच तुमच्यातला निघाला बघ. तूच होतीस ती.