भांगेच्या दुकानातलं पाणी

रामधनी मल्लाह यांचं नाव आधी लिहून टाकतो. पुढचं लिहिताना माझा राग वर येतो, आणि त्या रागात त्यांचं नाव मागे पडेल अशी धास्ती वाटते. बनारसला गंगेवर नाव चालवणारा माणूस, रोज संध्याकाळी भांग खाणारा. मी या शहरात टिकलो तो त्यांच्यामुळे.

नागपूर-कामठीकडचं कोणी काशी पाहायला आलं की माझ्याच खोलीवर उतरतं. चहा संपत नाही तोच विचारतं, "काय गा, ते सरकारी भांगेचं दुकान कुठं आहे? एकडाव बसून पाहू ना." गंमत वाटणारच. आपल्याकडे पुडी सापडली तर पोलीस धरून नेतात आणि इथे दारावर सरकारी पाटी, आत बसायला बाकडी. गोरे प्रवासीही त्या पाटीखाली उभे राहून फोटो काढतात. मी पाहुण्यांना गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेतो, बोट दाखवतो आणि मागे फिरतो. लोकांना वाटतं, याला शिष्टपणा आला. काहून जात नाही ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मी सातवीतून शाळा सोडली आणि कामठीत पावरलूमवर लागलो. हात बरा होता. बिघडलेला माग जुळवायला लोक मला बोलावू लागले. सत्तर सालानंतर कधीतरी ओळखीच्या एका मिस्त्रीने सांगितलं की बनारसच्या एका कारखान्याला असा माणूस हवा आहे. घर कामठीतच, पण बाबा नागपुरात कापडगिरणीत होते. कापसाची धूळ खाऊन त्यांची छाती वाजायची, झोपेतसुद्धा. माझी नोकरी पक्की झाली की त्यांनी गिरणी सोडायची, असं घरात ठरलं होतं. जाण्यामागे कारण एवढंच.

नागपूरच्या स्टेशनावर आई-बाबा दोघंही आले. बाबांनी पेटी डब्यात चढवली आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "कोणी विचारलं तर सांगजो, आमी बौद्ध आहो. लपवून राहाचं नाही आता." आईने पिशवीतून स्टीलचा गिलास काढून दिला. त्यावर माझं नाव कोरून घेतलं होतं. ती घरी बिड्या वळायची, बोटांना तंबाखूचा वास कायम. ती म्हणाली, "पाणी आपल्या गिलासात पिजो. कोणापुढं ओंजळ धरू नोको."

बाहेरच्याला हे बोलणं लहान वाटेल. आईचं लहानपण खाप्याजवळच्या एका खेड्यात गेलं. विहिरीपासून लांब उभं राहायचं, ओंजळ पुढे करायची, वरून कोणीतरी पाणी ओतायचं. भांडं हाताला लागू नये म्हणून उंचावरून. अर्धं कोपरावरून गळून जायचं. छप्पन सालानंतर आमच्या घरात ओंजळ बंद झाली, ती कायमची. भर उन्हाळ्यात नळालाही आम्ही ओंजळीने पीत नसू. मी एकदा खेळता खेळता प्यालो तर आईने हातावर पळी मारली होती.

दुसरा नियम नशेचा. रोज संध्याकाळी पंचशील म्हणायचं, आणि पाचवं, नशा न करण्याचं शील नशा करणाऱ्या माझ्या सख्ख्या काकांच्या कानात जावं म्हणून आई जोरात म्हणायची. ते चिडवायचे, "वयनी, दिवसभर बिड्या वळता अन् आमाले नशा सोडा म्हणता." आई म्हणायची, "वळून राहिली. ओढून तर नाही राहिली ना."

बनारसच्या कारखान्यात सगळं मिश्राजींच्या हातात होतं. ते मॅनेजर. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, त्यांचा शब्द. महिनाभर माझं काम पाहून ते खूश दिसत होते. जात कोणी विचारली नव्हती, आडनावावरून तिकडच्यांना पत्ता लागत नव्हता. मग एक दिवस दुपारपाळी सुटल्यावर म्हणाले, आज चल दुकानावर. सोबतचे कामगार हसले, कारण याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. नवा माणूस पक्का झाला हे मिश्राजी भांगेच्या दुकानातच सांगत. आपल्या हाताने त्याच्या तळहातावर गोळी ठेवत, आणि ती गिळायला लोट्यातून ओंजळीत पाणी ओतत.

ते दुकान मला पाहताक्षणी आवडलं नाही आणि आजही त्याची शिसारी येते. ओल्या पाल्याचा हिरवा, कुबट वास. पाट्यावर भांग वाटून वाटून भिंतीवर उडालेले शिंतोडे. बाकड्यांवर अर्धे मिटलेले डोळे, आणि कोणी काही बोललं नसताना मध्येच फुटणारं हसू. याला लोक महादेवाचा प्रसाद म्हणतात. मला ती माणसं भिजून फुगलेल्या लाकडासारखी वाटली.

तरी गोळी घ्यायची असं मी ठरवून गेलो होतो. पाचवं शील आज मोडू, आईला कळणार नाही, बाबांची गिरणी सुटेल. गोळी तळहातावर आली तेव्हा मी हात मागे घेतला नाही.

मग मिश्राजींनी लोटा उचलला.

मला चांगलं माहीत होतं की तिथे सगळे असंच पितात. माझ्या आधी एका पंडिताने तशीच ओंजळ धरली होती. लोट्याला कोणाचं तोंड लागू नये, एवढाच तो रिवाज. तिथे तो अपमान नव्हता. डोक्याला सगळं कळत होतं, पण हात जुळेनात. लोटा वर, मी खाली, आणि माझा गिलास खोलीवर पेटीत राहिलेला. मी विचारलं, "गिलास मिलेगा?"

सगळे हसले. मिश्राजीही हसून म्हणाले, "कौन ऊँचे पंडित हो भाई, जो हमारे हाथ का पानी नहीं लोगे?"

मीही हसलो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्यांनी विचारलं होतं, आणि विचारलं तर सांगायचं होतं. मी म्हणालो, बौद्ध आहे. आधी कोण होता, असं दुकानदाराने विचारलं. तेही सांगितलं.

हसू थांबलं. दुकानदाराने मिश्राजींच्या हातातून लोटा घेतला, उरलेलं पाणी रस्त्यावर ओतलं आणि राखेने लोटा घासायला बसला. मिश्राजी दुसरीकडे पाहू लागले. गोळी माझ्या तळहातावर तशीच. ती कोणी परत मागितली नाही. आता ती कोणी घेणार नव्हतं.

कोपऱ्यातून एक दांडगा माणूस उठला. डोळे लाल, पाऊल जरा डगमगतं. दुकानदाराचा स्वतःचा पितळी गिलास त्याने फळीवरून काढला, माठातून भरला आणि माझ्या हातात दिला. मी अर्धा प्यालो. त्याने माझ्या तळहातावरची गोळी उचलून तोंडात टाकली, माझ्या हातातला गिलास घेतला आणि उरलेल्या पाण्यासोबत ती गिळली. मग गिलास दुकानदारापुढे ठेवला.

"अब इसको भी माँजो," तो म्हणाला, "और हमको भी."

ते रामधनीकाका.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कळलं की माझं काम संपलं. खोली कारखान्याचीच होती, तीही गेली. मला काकांनी आपल्या घरी नेलं. त्यांच्या नावेतून पलीकडे माल नेणाऱ्या एका माणसाच्या घरात चार माग होते. काका त्याच्या इतके मागे लागले की शेवटी कंटाळून त्याने मला ठेवलं. पगार कमी होता. त्यामुळे बाबा आणखी काही वर्षं ती धूळ खात राहिले. मी घरी फक्त जागा बदलली एवढंच लिहिलं. आता हे वाचून आई काय म्हणेल, कोणास ठाऊक.

आज माझं बरं चाललं आहे. बाबा घरी बसले, छाती अजून वाजते. बोलता बोलता माझ्या तोंडात 'हमरा-तुमरा' येतं, आणि कामठीला गेलो की पोरं हसतात. इकडे मी नागपूरवाला, तिकडे बनारसवाला. पूर्वी याचं वाईट वाटायचं. आता मला घर म्हणजे एवढंच वाटतं: जिथे तहान लागल्यावर हात कसे धरायचे याचा विचार करावा लागत नाही. अशा दोनच जागा मला ठाऊक आहेत. एक आईची चूल आणि दुसरी घाटावरची रामधनीकाकांची खोली. तिथल्या फळीवर माझ्या नावाचा गिलास अजून पालथा असतो.

काकांची भांग मला अजून आवडत नाही, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगतो. ते म्हणतात, तुला न आवडायला एक तरी गोष्ट पाहिजे ना. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्या देशात नदी आहे का? मी कामठीजवळच्या कन्हान नदीचं सांगितलं, उन्हाळ्यात गुडघाभर होते तेही. ते खूप हसले. म्हणाले, तिथे मी नाव डोक्यावर घेऊन चालेन.

काका, एक दिवस मी तुम्हाला, फळीवरच्या त्या गिलासासकट, कामठीला नेणार आहे. आई आपल्या हाताने माझ्या गिलासात पाणी भरून देईल. आधी तुम्ही प्यायचं. उरेल ते मी पिईन.