घरखर्चाचं खातं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही – आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या माझ्या नवऱ्याला तर नाहीच. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. तुम्हालाच का सांगतेय? तेही नीट कळत नाही.

लोक मला समजूतदार बाई म्हणतात. म्हणोत.

लग्नानंतर चौदा वर्षं माझा पगार दोघांच्या नावावरच्या खात्यात जमा व्हायचा. मी उज्जैनच्या सरकारी शाळेत गणित शिकवायची, हे कापडाच्या मिलमध्ये हेडक्लार्क. पासबुक यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली यांच्या जानव्याला. दर सोमवारी मी हात पुढे करायची, आणि हे विचारायचे, "मागचे संपले?" पाहुण्यांसमोरसुद्धा. एकदा धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी मी फ्रीगंजच्या बाजारातून एक साडी घेतली. हे मला सायकलवर मागे बसवून त्याच दुकानात घेऊन गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "वापस ले लो भैया, मैडम को गिनती नहीं आती." गणित शिकवणाऱ्या बाईला! समोरच्या गादीवर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई साड्या बघत बसली होती. मी हसले. दुसरं काय करणार होते? पण ते हसणं मी विसरले नाही – एक दिवसही नाही.

मग मिल बंद झाली. त्या वर्षांत बाजारात रंगीत टीव्ही आले, चौकाचौकात एसटीडीचे पिवळे बूथ आले, आणि आपल्या गावातल्या मिलचे भोंगे एकेक करून गप्प झाले. यांच्या मिलला टाळं लागलं, हक्काची रक्कम कोर्टात अडकली. हे घरी बसले.

दोन महिन्यांनी मी स्टेशनजवळच्या बँकेत गेले. खिडकीतला बाबू म्हणाला, "मैडम, भाईसाब का नाम नहीं डालना?" म्हटलं, "नहीं, ये तो बस घरखर्च का खाता है." पगार तिकडे वळवला. घरी सांगितलं – जुन्या खात्यातले पैसे मुलीच्या नावाने फिक्स करून टाकू, रोजचा खर्च नव्या खात्यातून करू, म्हणजे हात आखडता राहील. यांनी मान डोलावली. "शहाणी आहेस," म्हणाले.

शहाणी! मी काय करत होते ते मला पक्कं ठाऊक होतं. मला यांचा हात पुढे आलेला बघायचा होता.

आला. दाढीच्या ब्लेडसाठी, सायकलच्या पंक्चरसाठी, न्हाव्यासाठी. मी अगदी शांतपणे विचारायची, "मागचे संपले?" शाळेतल्या बाया चहाला आल्या असल्या तर मुद्दाम. यांचे कान लाल व्हायचे – आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटायचं.

तिथेच थांबले असते तर?

यांची थोरली बहीण, सुमनताई, नागपूरला असायची. आई गेल्यावर यांना तिनेच वाढवलं. माझ्याशी ती कधी वाईट वागली नाही. कुणी येणारं-जाणारं असलं की आठवणीने माझ्यासाठी संत्र्याची बर्फी पाठवायची. हे सांगायला हवं – माझं वैर तिच्याशी नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका दुपारी हे शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. शेजाऱ्यांकडे नागपूरहून फोन आला होता. सायकल जोरात हाणत आले होते, धाप लागली होती.

"ताईचं काही खरं नाही. संध्याकाळच्या गाडीनं निघतो. तीनशे रुपये काढून देशील?"

"खात्यात नाहीत," मी म्हटलं. "पगार झाला की देते."

"कधी होईल?"

"अजून सहा दिवस."

खात्यात अकरा हजारांच्या वर होते. माझ्या पगाराची थकबाकी महिन्यापूर्वीच जमा झाली होती. बँक शाळेपासून दहा मिनिटांवर. आणि हे रागाच्या भरात झालं – असंही नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मला ते साडीचं दुकान आठवलं, आणि नीट विचार करून मी नाही म्हटलं. मग आत जाऊन सातवीच्या मुलींना व्याज शिकवलं. आवाज अगदी मोकळा लागला होता.

हे दुसऱ्या कुणाकडे मागणार? ओळखीचे सगळे त्याच बंद मिलमधले. तिसऱ्या दिवशी सायकल विकून निघाले. पोहोचले तेव्हा ताईला नेऊन दीड दिवस झाला होता. शेवटपर्यंत विचारत होती म्हणे, "बाळ्या निघाला का?"

हे सगळं परत आल्यावर यांनीच मला सांगितलं. नातेवाइकांनी तिथे मला नावं ठेवली, तेव्हा हे त्यांच्यावर चिडले होते. "तिचा काय दोष? एकटीच्या पगारात घर ओढतेय बिचारी. असते तर दिले नसते का?"

असते तर!

तेव्हा बोलता आलं असतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, हे पाटावर बसले होते, डोळे सुजलेले. मी त्यांना पोळी वाढली. आणखी हवी का, विचारलं.

तेराव्याला यांना रामघाटावर ताईच्या नावाने तिलांजली द्यायची होती. गुरुजींच्या दक्षिणेसाठी माझ्याकडे मागायला आले, तर मान वर होईना. मी लगेच पाचशे काढून दिले. विधी झाला, आणि हे ओल्या धोतराने कुडकुडत पायऱ्या चढून माझ्यापाशी आले. "तू आहेस म्हणून एवढं तरी झालं," म्हणाले, आणि चारचौघांत, गुरुजींसमोर, त्यांनी मला हात जोडले.

मी जोडू दिले.