उलटा खांब

कुंभकोणमची जुनी घरं वाचवायला निधी हवा, म्हणून आमच्या समितीनं अशाच एका घरात मेजवानी ठेवली होती. पाहुणे ओसरीवरच्या सागवानी खांबाचे फोटो काढत होते. मागच्या गल्लीतली घरं पाडली तेव्हा तो खांब मीच विकत आणून इथे बसवून घेतला होता.

कॉफीचे पेले गोळा करणारा एक म्हातारा मात्र फिरून फिरून त्या खांबापाशी थांबायचा. एका हातावर ट्रे तोलून, दुसऱ्या हाताची बोटं लाकडाच्या रेषांवरून खालून वर न्यायचा आणि मान हलवायचा. शेवटी मी विचारलंच. पूर्वी तो सुतार होता.

"साहेब, खांब उलटा बसलाय," तो तमिळमध्ये हळूच म्हणाला. "झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा असतो. इथं मुळाकडची बाजू वर गेलीय."

"सरळ करून द्याल?"

"छप्पर उतरवावं लागेल. माझ्या हातांत आता तेवढा जोर नाही, आणि मुलं हे काम शिकली नाहीत. राहू दे. ओळखणारं आता कोण आहे?"

तेवढ्यात मला भाषणाला बोलावलं. ठरल्याप्रमाणे मी त्या खांबाचं भरभरून कौतुक केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रे खाली ठेवून त्यानंही वाजवल्या.