ओटी पसरण्याआधी

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. सभेहून येताना बाप ती खिशात कोंबून आणायचा. त्यांवरच मी वाचायला शिकले. म्हणून दोन वर्षांपूर्वी, जनुकं बदललेल्या बियाण्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांवर मी स्वतःच चार पानी पत्रक लिहिलं आणि सगळ्यांत आधी आईला वाचून दाखवलं. आई कापसाची सरकी लावणाऱ्या आठ बायांच्या टोळीची म्होरकी. तिला अक्षरओळख नाही.

‘पूर्वसूचित संमती’ ऐकून तिनं मला थांबवलं. “ह्ये कुणासाठी लिवलंस?”

मग मी सोप्या भाषेत सांगितलं: असलं बी दुसऱ्या देशात पेरायला पाठवायचं तर आधी कळवायचं, त्याचा होकार घ्यायचा, सोबत काय आहे ते लिहून द्यायचं.

“मग असं लिव की!”

त्याच पेरणीत वालूरच्या शिवारात एका मालकानं बिननावाच्या पुड्या काढल्या. चोर बीटी. तणनाशकानं न मरणारं, सरकारची परवानगी नसलेलं बियाणं. आमच्याकडं बियाण्याची पहिली मूठ म्होरकीच्या पदराच्या ओटीत पडते, मगच बाकीच्या ओट्या पसरतात. आईनं ओटी पसरलीच नाही.

“मालक, पुडीवर नाव कुठं हाय?”

“बियाला नाव कशाला? बारसं करायलाव का?”

बाया हसल्या. मीही टोळीबरोबर गेले होते; तावातावानं पत्रकातले आंतरराष्ट्रीय नियम सांगू लागले.

“ए पत्रकवाले, ते देशादेशातलं. माझ्या धुऱ्यावर चालत न्हाई.”

खरं होतं ते. पण आई पुढं झाली.

“तिथं देश देशाला इचारून बी धाडतो, आन् तुमी मला न इचारता ओटीत टाकायलाव व्हय?”

“सेलूची टोळी आणतो मग.”

“आणा.”

हंगामातलं ते पहिलं काम होतं. तो गाडीला किक मारून गेला. एक बाई करवादली, “अक्का, तुजी पोरगी लिवती आन् आमी उपाशी!” आई त्याच धुऱ्याच्या बांधावर बसून राहिली. पण घरी कुणीच गेलं नाही.

जमिनीची ओल उडत होती आणि सेलूत एकही टोळी रिकामी नव्हती. दुपारी तो एकटाच परतला, छापील पिशव्या घेऊन. आईनं एक माझ्या हातात दिली.

“वाच. सगळं वाच.”

वाणापासून मुदतीपर्यंत मी मोठ्यानं वाचलं. आठही जणी उभ्यानं ऐकत होत्या, मालकसुद्धा. मग आईनं ओटी पसरली.

पत्रकाची दुसरी आवृत्ती एकाच पानाची आहे. पहिलं वाक्य आईनं मालकाला ऐकवलेलं, ‘तिथं देश देशाला इचारून बी धाडतो...’ त्यातला एक शब्दही मी बदललेला नाही.