चहापुरती चूल

पीएचडी झाल्यावर मला दोन वर्षांची संशोधन फेलोशिप मिळाली. विषय सार्वजनिक धोरण, ठिकाण धुळ्यातलं एक कला महाविद्यालय, काळ नव्वदीच्या सुरुवातीचा. हे सार्वजनिक धोरण म्हणजे नेमकं काय, असं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांनी एकेकदा विचारून घेतलं. मला ग्रंथालयामागची खोली मिळाली, टेबल मिळालं. खुर्ची मी स्वतः शोधून आणली. दुसरं वर्ष मात्र पक्कं नव्हतं. पहिल्या वर्षाचा अहवाल समितीला पटला तरच ते मिळणार होतं. पुण्यातली शिकवायची नोकरी सोडून आले होते, त्यामुळे ते वर्ष मला हवंच होतं.

अभ्यास निर्धूर चुलींचा. पिंपळनेरकडच्या गावांत सरकारी योजनेतून घरोघरी त्या बसवल्या होत्या. बायका त्या वापरतात का, एवढंच बघायचं. आधी ग्रामसेवकाला चिठ्ठी पाठवायची, त्याने गावात सांगायचं, मग एसटीने मी. घरात शिरलं की चूल पेटलेली आहे का ते डोळ्यांनी पाहायचं आणि तक्त्यात खूण करायची. नुसत्या तोंडच्या उत्तरावर मी विसंबत नाही, याचा मला फार अभिमान होता. प्रत्येक घरी चूल पेटलेली असे. प्रत्येक घरी चहाही होई, आणि नको म्हणायची सोय नव्हती. ॲसिडिटीने जीव नकोसा झाला, पण तक्ते इतके देखणे भरले की मी अहवाल टाइपही करून टाकला.

तो पाठवायच्या आदल्या आठवड्यात एका गावी, सगळे अक्का म्हणत त्या बाईंच्या घरी माझी फाइल राहिली. एसटीच्या थांब्यावरून तशीच परत फिरले. नवी चूल विझवून, पोतेरं फिरवून लख्ख केलेली. अक्का परसात जुन्या चुलीपुढे धुरात बसून, डोळे पुसत भाकरी थापत होत्या. नव्या चुलीवर का नाही, मी विचारलं.

"ती तुमना चहानी चूल शे," त्या म्हणाल्या, हे मला ठाऊकच असायला हवं होतं अशा सुरात. "तठे भाकर शेकाले जागा शे का? बठ्ठा गावमा आसंच शे."

नव्या चुलीचं तोंड अरुंद. निखाऱ्यांपुढे भाकरी उभी करून फुगवायला तिथे जागाच नव्हती. पाहुणीला धुराचा त्रास नको, म्हणून गावातल्या सगळ्याच घरांत ती माझ्या चहापुरती पेटायची. म्हणजे वर्षभर मी तक्त्यात माझाच चहा नोंदवत होते.

कॉलेजात माझ्या मार्गदर्शक सरांना हे सांगितलं. "चूल पेटलेली पाहिलीत, तेच लिहिलंत. खोटं काय त्यात?" ते म्हणाले. दोन दिवस मलाही ते पटत होतं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. मग अक्कांवर, ग्रामसेवकावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर चिडून, चिठ्ठी न पाठवता, भाकरीच्या वेळेला पुन्हा घरं फिरले. नव्या चुलींवर कुठे हरभरे ठेवलेले, कुठे मांजर झोपलेलं. अहवाल नव्याने लिहिला. समितीचं उत्तर आलं: पद्धत सदोष, मुदतवाढ नाही. पद्धत सदोष होतीच, भांडणार कोणत्या तोंडाने?

निघण्याआधी अक्कांना भेटायला गेले. चुलींचं खरं ते लिहिलं, काम बंद झालं, आता यायची नाही, असं सांगितलं. आपल्या चहाने माझं नुकसान झालं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नसावं.

त्या उठल्या. नव्या चुलीकडे न बघता परसात गेल्या आणि जुन्या चुलीवर चहाचं आधण ठेवलं. मला समोर बसवलं आणि फुंकणी हातात दिली.

"आते तू पाव्हनी नही," त्या म्हणाल्या. "फुक."

वर्षभर मी त्या धुरावर लिहीत होते. तो माझ्या घशात गेला त्या दिवशी, पहिल्यांदाच.