उजव्या दंडावरचा पट्टा

टीममधले सगळे तिला वहिनी म्हणायचे, कारण बचाव पथकाची गाडी तिचा नवरा चालवायचा आणि तो सगळ्यांचा दादा होता. एरवी ती हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स. डोंगरात कोणी पडलं की वॉर्ड दुसरीच्या गळ्यात मारायची आणि बूट घालत घालत गाडीत चढायची. "डोळे मिटलेस तर चिमटा काढीन," अशी दमदाटी करत तिने किती माणसं खाली आणली असतील, कुणास ठाऊक.

पूर्वी तिची रीत साधी होती. जखमीला गरम पिशवीत घालून स्ट्रेचरला बांधायचं आणि दर वळणावर आत हात घालून मानेची नाडी बघायची. पण चेन उघडली की आतली ऊब निघून जायची. मग पट्टे आले. जखमीच्या दंडावर पट्टा बांधला की त्याच्या नाडीचे ठोके थेट खाली गाडीतल्या स्क्रीनवर दिसत. पिशवी उघडायची नाही, असा नियमच झाला.

पट्टे दोन होते. लाल स्क्रीनला जोडलेला. निळा जादा, लाल बंद पडला तरच जोडायचा. थंडीत बॅटरी मान टाकायची, म्हणून वर जाताना वहिनी दोन्ही स्वतःच्या दंडांवर, स्वेटरच्या आत बांधून न्यायची. लाल डावीकडे, निळा उजवीकडे. लाल घट्ट बांधायची, म्हणजे वर पोचेपर्यंत तो चालतोय हे खालून कळायचं.

"वहिनी, दोन पट्टे? हृदयं दोन आहेत की काय?" दोर सांभाळणारा पोपट विचारायचा. बोलण्याला खंड नाही, म्हणून पोपट.

"एक तुझ्या दादाने लग्नात घेतलं. स्पेअर नको?"

त्या दिवशी सकाळी वॉर्डात, भुलीतून बाहेर येणाऱ्या एका पेशंटने तिच्या डाव्या दंडाला ओरबाडलं होतं. तिथे घट्ट काही सहन होईना. गाडीत बसल्या बसल्या तिने लाल पट्टा उजवीकडे आवळला आणि निळा डावीकडे सैलसर अडकवला.

पडलेला माणूस मोबाइल टॉवरचा मेकॅनिक होता. कड्याखालच्या अरुंद जागेत, मांडी मोडून पडलेला. वारा असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. वहिनीने वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं. मग स्वेटरमध्ये हात घातला, नेहमीसारखा डावीकडे. हाताला आला तो पट्टा न बघता त्याच्या दंडावर बांधला आणि चेन वर ओढली.

"बायको खाली आहे का हो?" त्याने विचारलं.

"आहे. तुझ्यावर चिडलीये. चल."

अर्ध्या वाटेवर तो बोलेनासा झाला. वहिनीचा हात चेनकडे गेला. तेवढ्यात वॉकीटॉकीवर नवऱ्याचा आवाज आला, "ठोके एक नंबर आहेत. या सावकाश."

"झोपला वाटतं इंजेक्शनने," ती पोपटला म्हणाली, आणि हात मागे घेतला.

हॉस्पिटलच्या दारातून त्याला आत नेलं. थोड्याच वेळात तरुण डॉक्टर बाहेर आली. तिने हळू आवाजात सांगितलं, की तो गेलाय. वाटेतच. बराच वेळ झाला असावा.

मेकॅनिकची बायको बाकावरून उठलीच नाही. दादाने धीर द्यायला दिलेली स्क्रीन तिच्या मांडीवर होती.

"वाटेत कसा?" ती म्हणाली. "हे बघा ना. अजून चालू आहेत."

स्क्रीनवर हिरवी रेघ उड्या मारत होती.

तिचा भाऊ डॉक्टरच्या अंगावर धावला. "जिवंत माणसाला मेला म्हणता? परत आत जा! हात लावा त्याला!" डॉक्टरने स्क्रीन पाहिली. आणि ती खरंच आत पळाली. दादाही म्हणाला, "मी पूर्ण वेळ बघतोय. एकदाही थांबले नाहीत."

भिंतीला टेकलेल्या वहिनीने डावा दंड चाचपला. मग उजवा. रेघ भराभर उड्या मारू लागली.

"वाढले! ताई, वाढले ठोके!" भाऊ ओरडला.

गप्प राहिली असती, तर खापर डॉक्टरच्या माथी फुटलं असतं. वहिनीने सगळ्यांसमोर कोट काढला, बाही वर सारली आणि लाल पट्टा सोडला.

रेघ सपाट झाली.

दादाने आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"हे माझे होते," वहिनी म्हणाली. "त्यांना दुसराच पट्टा बांधला गेला. माझ्या हातून."

मेकॅनिकची बायको स्क्रीनकडे बघत होती. "गाडीपाशी पोचता पोचता खूप वाढले होते. मला वाटलं, दुखतंय त्यांना. मी म्हणत होते, आलंच, आलंच."

"मला धाप लागली होती."

"मग ते केव्हा गेले?"

"माहीत नाही."

"तुम्ही तर शेजारीच होतात."

"हो," वहिनी म्हणाली. "शेजारीच होते."