घासलेला घोडेस्वार

जुन्या डच चांदीच्या नाण्याची खरी किंमत सांगणारा अख्ख्या गोव्यात एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे, हे मी छाती पुढे काढून सांगतो. डिचोलीच्या खाणीवर खनिजाचे ट्रक तोलण्यात मामांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाले आणि सोनाराच्या इवल्याशा काट्याकडे वळले. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, तेव्हा त्यांची नाणी आपल्याकडे घराघरांत दडून बसली असणारच, ही त्यांची खात्री. नाणं ते कडेलाच, दोन बोटांत धरतात. ही सवय इतकी मुरली आहे की चहाबरोबरचा पोईचा पावसुद्धा कडेला धरून, दोन्ही बाजू निरखूनच तोंडात टाकतात. कुणी नाण्यावर अंगठा टेकवला की ओरडतात, "आरे, कडेक धर! काळो रंग गेलो म्हणजे मोल गेलां!" एका सोनाराने घासून लखलखीत केलेलं नाणं पाहिलं, त्या दिवशी ते जेवले नाहीत. किंमत सांगताना मात्र डोळे मिटतात, आणि ती कधी चुकत नाही. मी थक्क होऊन बघत राहतो.

कोरगावला आमच्या देव्हाऱ्यात असंच एक नाणं होतं, तलवार उगारलेला घोडेस्वार असलेलं. थोरल्या भावाला ते विकून काजूच्या बागेला कुंपण घालायचं होतं. आईला ते सासूने ओंजळीत दिलेलं. तिला ते हलवायचंच नव्हतं. शेवटी मामा सांगतील ते खरं, असं ठरलं.

मामांनी भिंग लावलं. स्वाराला नाक उरलं नव्हतं, घोड्याला पाय.

"विहीणबाई, ह्यां घासलां कोणी?"

"मियां," आई म्हणाली. "दर गणेशचवथीक, कोकमाची सोलां आनी राख लावन. देवाकडलां काळां कसां ठेवचां?"

आता मामा कोसळतात, असं मला वाटलं. पण त्यांनी डोळे मिटले. "खरां सांगतंय, नाणां म्हणून ह्यां कोण घेवचो नाय. नुसत्या चांदीच्या भावान जातलां."

भावाचा चेहरा उतरला. आईने मात्र नाणं चटकन उचललं. "बरां झालां! म्हणजे आता खंय जावचां नाय." मामा तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. निघताना माझ्या कानाशी म्हणाले, "इतक्या वर्सांचो हात असो एका नाण्यार मियां कधी बघूक नव्हतो."

पुढे आई गेली. तेव्हापासून दर चवथीच्या आदल्या दिवशी मामांचा फोन येतो. जन्मात कुणाला नाण्यावर बोट टेकवू न देणारा हा माणूस हळूच विचारतो, "नाणां घासलंस मरे?"

मग मी सोलं भिजत घालतो.